जनावर ज्याचे, मदत त्याची

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातली सू काउंटी 1870 च्या सुमारास डच स्थलांतरितांनी वसवली. आज मका, सोयाबीन आणि लांबलचक बंदिस्त शेडमधली डुकरे यांवर तिचा संसार चालतो. एप्रिल 2020 मध्ये तिथल्या वराहपालनाची घडी विस्कटली. शेजारच्या साउथ डकोटातील सू फॉल्स इथला स्मिथफील्ड कंपनीचा कत्तलखाना कामगारांत कोविड पसरल्याने बंद पडला. अमेरिकेतल्या डुकराच्या मांसापैकी 4 ते 5 टक्के माल या एका कारखान्यातून निघे. पाठोपाठ आयोवातल्या वॉटर्लूचा टायसन कंपनीचा कारखानाही थांबला.

भाव पडला तर मका साठवता येतो. डुक्कर सहा महिन्यांत सव्वाशे किलोच्या घरात गेले की उचललेच पाहिजे, कारण मागून पिल्लांची पुढची खेप येत असते. शेतकऱ्यांनी खाद्य बदलून वजन रोखले, शेडमध्ये दाटी सोसली. तेही पुरेना, तेव्हा त्या पट्ट्यातल्या अनेकांना धडधाकट जनावरे मारून टाकावी लागली.

17 एप्रिलला सरकारने 1,900 कोटी डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले 1,600 कोटी थेट शेतकऱ्यांसाठी होते. 26 मेपासून कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या काउंटीतल्या कचेरीकडे अर्ज सुरू झाले. कचेरीचे दार बंद, काम फोनवर आणि ईमेलवर. पुरावे आधी जोडायचे नव्हते. शेतकऱ्याने स्वतः लिहून दिलेला आकडा धरला जाई. 15 जानेवारी ते 15 एप्रिलदरम्यान विकलेल्या मोठ्या डुकरामागे 18 डॉलर, लहानामागे 28. त्यानंतर शेडमध्ये असलेल्या प्रत्येक डुकरामागे 17. म्हणजे शेडमधल्या 2,000 डुकरांचे 34,000 डॉलर. त्यातले 80 टक्के आधी, उरलेले नंतर. व्यक्तीला कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर. सप्टेंबरमध्ये दुसरी फेरी आली, तेव्हा डुकरामागे 23 डॉलर ठरले.

पैसा वेगाने आला, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण तो मालकीमागे गेला. अमेरिकेत कितीतरी शेतकरी कंपनीची डुकरे कराराने वाढवतात. शेड त्यांचे, बँकेचे कर्ज त्यांचे, पहाटेची राबणूक त्यांची. जनावर मात्र कंपनीचे. भावाचा धोका मालकाचा, या हिशेबाने या करारदारांना वगळले गेले. शेड रिकामे राहिले की त्यांचे उत्पन्नही थांबते, हे त्या हिशेबात बसलेच नाही. त्यांच्यासाठी तरतूद झाली ती डिसेंबर 2020 च्या कायद्याने, आणि बुडालेल्या उत्पन्नाच्या 80 टक्क्यांपर्यंत भरपाईचे नियम आले ऑगस्ट 2021 मध्ये.

नगावर मोजलेली मदत मोठ्याकडे जास्त वाहते. आधीच्या सरकारच्या कोविड-मदतीतले जेमतेम 0.1 टक्के कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना मिळाले, असे तेव्हाच्या नव्या सरकारचे कृषिमंत्री टॉम विल्सॅक यांनी मार्च 2021 मध्ये सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन हातची गेलेल्यांकडे मोजायला नग तरी किती असणार?

आपल्याकडेही पीएम-किसानचा हप्ता सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो; बटईने कसणारा बाहेर राहतो. संकटात नुकसान कोणाचे झाले, हे मालकीच्या कागदावरून पुरते कळत नाही. मदतीचा अर्ज छापण्याआधी सरकारने विचारायला हवे, की या शेतीत धोका कोण कोण पेलतो? करारदार आणि बटईदार यांची नोंद सुकाळातच झाली, तर पुढच्या साथीत त्यांना सव्वा वर्ष ताटकळावे लागणार नाही.