नव्या जंतूचं बारसं: घाई नको, पुरावे आणा!

समजा, कबनूरच्या एखाद्या रुग्णाचा नमुना लॅबमध्ये गेला. कल्चरमध्ये जंतू वाढला, पण ओळख काही पटेना. मग सापडली का नवी प्रजाती? छे, खरी गंमत तर इथून सुरू होते!

यंत्र म्हणालं ‘माहीत नाही’
माल्डी-टॉफ हे यंत्र जंतूच्या प्रथिनांचा आलेख आपल्याकडच्या यादीशी ताडून काही मिनिटांत नाव सांगतं. नाव आलं नाही, तर जंतू नवाच असेल असं नाही. यादीही अपुरी असू शकते.

माणूस आणि चिंपांझी एकच?
पुढची पायरी म्हणजे १६-एस हा सुमारे १,५०० अक्षरांचा जनुक. ओळखीच्या प्रजातीशी तो साधारण ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी जुळला, की शास्त्रज्ञांचे कान टवकारतात. मग दोघांचे पूर्ण जीनोम ताडून बघायचे. सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली गेलं, तर प्रजाती वेगळी. ही फूटपट्टी आपल्याला लावली, तर माणूस आणि चिंपांझी एकाच प्रजातीत बसतील!

दोन देशांत मुक्काम
नाव अधिकृत व्हायला जिवंत जंतू दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. असा एक मोठा संग्रह पुण्यातच आहे: राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र.

ताटलीत न वाढणारा हट्टी
पण काही जंतू असे संग्रहासाठी वाढवताच येत नाहीत. कुष्ठरोगाचा जंतू शास्त्रज्ञ हॅन्सन यांनी १८७३ मध्ये पाहिला. प्रयोगशाळेतल्या ताटलीत तो अजूनही वाढत नाही. त्याला वाढवायला उंदराचे पंजे नाहीतर आर्माडिलो लागतो.

मेळाव्यातला पाहुणा
१९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ आली. मृतांच्या फुप्फुसातले नमुने गिनीपिगना टोचल्यावर अपरिचित जंतू हाती लागला. १९७९ मध्ये त्याचं नाव ठरलं लीजिओनेला न्यूमोफिला.

आजार नसला तरी चालतं
मेगास्फेरा इंडिका ही प्रजाती पुण्याच्या शास्त्रज्ञांना निरोगी माणसांच्या विष्ठेत मिळाली. साल २०१४.

जुलाबाच्या कुपीत पुणेकर
पोट बिघडलं की डॉक्टर इवल्या प्लास्टिक कुप्या लिहून देतात. त्यांपैकी बऱ्याच कुप्यांत असलेल्या जंतूला आधी बॅसिलस सबटिलिस समजत, पुढे तो बॅसिलस क्लॉसी ठरला. २०२१ मध्ये लोणार सरोवरातल्या एका नव्या जंतूचा अभ्यास करताना पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या नातेवाइकांचीही फेरमांडणी केली. त्यांत कुपीतला बॅसिलस क्लॉसीही होता; आता तो शौचेला क्लॉसी. हे नाव सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. योगेश शौचे यांच्या सन्मानार्थ!

आणि रुग्णाचं काय?
त्याला नाव ठरेपर्यंत ताटकळावं लागत नाही. कोणत्या अँटिबायोटिकला जंतू दाद देतो, हे लॅब नावाशिवायही तपासू शकते. औषध आधी, बारसं सवडीनं!