वॉल्ट्झच्या लयीतला स्वाभिमानी सूर

व्हिएन्ना म्हटले की योहान स्ट्रॉसचे वॉल्ट्झ आठवतात. तीन मात्रांच्या या नृत्यसंगीताची परंपरा विसाव्या शतकात ज्यांनी जिवंत ठेवली, त्यांत संगीतकार आणि वाद्यवृंद संचालक रॉबर्ट स्टोल्झ यांचे स्थान मोठे आहे. मात्र त्यांची ओळख केवळ सुमधुर चालींपुरती मर्यादित नाही.

२५ ऑगस्ट १८८० रोजी ग्राझ येथे जन्मलेल्या स्टोल्झ यांना संगीताचा वारसा घरातूनच लाभला. वडील वाद्यवृंद संचालक, तर आई पियानोवादक. तरुण वयातच व्हिएन्नाच्या 'थिएटर आन देर वीन' या ख्यातनाम रंगभूमीवर त्यांनी संगीत संचालन केले. संवाद, गाणी आणि नृत्य यांनी नटलेला ऑपेरेटा हा हलकाफुलका नाट्यप्रकार त्यांचे मुख्य क्षेत्र ठरला. बोलपट आल्यावर ते चित्रपटांकडेही वळले. १९३० च्या 'त्स्वाय हेर्त्सेन इम ड्रायफीर्टेलटाक्ट' या बर्लिनमध्ये निर्माण झालेल्या चित्रपटातील त्यांचे वॉल्ट्झ युरोपभर लोकप्रिय झाले.

१९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ऑपेरेटाच्या दुनियेतील अनेक गीतकार, लेखक व कलावंत ज्यू होते. त्यांच्यावर अरिष्ट कोसळले. फ्रान्झ लेहार यांच्या गाजलेल्या ऑपेरेटांचे गीतकार फ्रिट्झ ल्योनर-बेडा यांचा १९४२ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत अंत झाला. स्टोल्झ स्वतः ज्यू नव्हते. मायदेशी राहून प्रतिष्ठा उपभोगणे त्यांना शक्य होते. तरीही त्यांनी देशत्याग पत्करला. त्याआधी आपल्या मोटारीत लपवून अनेक ज्यूंना आपण जर्मनीच्या सीमेपार नेले, असे त्यांनी पुढे सांगितले.

निर्वासितांच्या वाट्याला येणारी विटंबना मात्र त्यांनाही चुकली नाही. युद्ध सुरू होताच पॅरिसमध्ये त्यांना 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. सुटकेनंतर १९४० मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. तेथे व्हिएन्नाच्या संगीताच्या मैफली त्यांनी गाजवल्या. 'स्प्रिंग परेड' चित्रपटातील गीतासाठी, तसेच 'इट हॅपन्ड टुमॉरो'च्या संगीतासाठी त्यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले.

१९४६ मध्ये ते व्हिएन्नाला परतले आणि उतारवयातही कार्यरत राहिले. बर्फावरील नृत्यनाट्यांसाठी त्यांनी संगीत दिले, स्ट्रॉसपासूनच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. २७ जून १९७५ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत ते विसावले आहेत. सुगम संगीताला अनेकदा केवळ करमणूक समजले जाते. पण ते रचणाऱ्याचा कणा किती ताठ असू शकतो, हे स्टोल्झ यांच्या आयुष्याने दाखवून दिले.