भरवशाची वस्ती

मागच्या रमजानमध्ये एका संध्याकाळी, इफ्तार उरकल्यावर आमचा धाकटा भाऊ एका नव्या इमारतीचं माहितीपत्रक घेऊन घरी आला. कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला एक खोली-हॉल-किचनचा फ्लॅट घ्यायचं त्याच्या मनात होतं. पत्रक हातोहात फिरलं. अम्मींनी विचारलं, "मशीद किती लांब आहे?" भावजयीला पाण्याची काळजी होती, भाच्याला स्टेशनपर्यंतच्या रिक्षाच्या भाड्याची. शेजारी कोण येणार, मदरसा आहे का, लिफ्ट किती माणसांची, सगळं विचारून झालं. भाऊ उत्साहाने उत्तरं देत होता.

जमीन कुणाच्या नावावर आहे आणि बांधकामाची परवानगी आहे का, हे मात्र कुणीच विचारलं नाही. आम्हीही नाही. तरावीहहून परतल्यावर ते ध्यानात आलं आणि झोप उडाली. कारण ज्या घरात बसून आम्ही ते पत्रक पाहत होतो, त्या घराच्या वेळीही हे कुणी विचारलं नव्हतं.

गाव होतं, शहर झालं

मुंब्रा-कौसा ही काही काल वसलेली जागा नव्हे. 1854 साली रेल्वे ठाण्याहून कल्याणला गेली ती इथूनच. पारसिकच्या डोंगरातला मोठा बोगदा 1916 सालचा. वर डोंगरावर मुंब्रादेवीचं मंदिर, खाली खाडी आणि रेतीबंदर, आणि कौशात पिढ्यानपिढ्या राहणारी कोकणी मुसलमानांची घरं, असं हे गाव होतं. 1982 साली ठाणे महानगरपालिका झाली, तेव्हा हा भाग तिच्या हद्दीत आला.

चित्र पालटलं ते डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींनंतर. मुंबईत ज्यांची घरं जळाली ते इथे आले, आणि ज्यांची जळाली नाहीत पण रात्रीची झोप गेली तेही आले. स्वस्त जागा, रेल्वे स्टेशन आणि आपली माणसं या तीन गोष्टींसाठी लोक येत राहिले. शेतं होती तिथे पाच-सहा वर्षांत इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या.

आमचं कुटुंब 1994 साली डोंगरीच्या चाळीतून आलं. अब्बा जहाजावर नोकरीला होते. चाळीतल्या एका खोलीत आम्ही आठ माणसं, आणि मजल्यावर सगळ्यांना मिळून दोन संडास. पगडीची खोली सोडून आलेले पैसे आणि जहाजावरची बचत मिळून इथे दोन खोल्यांचं घर झालं. बांधणारा आमच्याच तालुक्यातला, पाच वक्त नमाजी. अब्बांनी कागदपत्रांचा विषय काढला तेव्हा तो हसून म्हणाला, "चाचा, आपल्या माणसावर भरवसा नाही का?" अब्बांना लाज वाटली. स्टँप पेपरवर चार ओळी, खाली दोन सह्या आणि नोटरीचा शिक्का, एवढ्यावर आयुष्याची कमाई दिली गेली.

इथे काय मिळालं

मिळालेलं आधी सांगितलं पाहिजे, कारण ते थोडं नाही. घरातच संडास-बाथरूम मिळाल्याचा आनंद अम्मी आजही सांगतात. नाव ऐकून "जागा गेली" म्हणणारा दलाल इथे भेटला नाही. मशीद पायी अंतरावर, त्यामुळे म्हाताऱ्यांची जमातीची नमाज चुकली नाही. कुणाच्या घरी मय्यत झाली तर कफन-दफनाची धावपळ शेजारीच करतात, घरच्यांना फक्त रडायचं असतं. 2020 च्या टाळेबंदीत आमच्या जिन्यातल्या कुणाची चूल थंड आहे हे कुणाला तोंडाने सांगावं लागलं नाही. डबे आपोआप दाराशी येत होते.

मुलींच्या शिक्षणाचा फायदा तर आम्ही वर्गात रोज पाहतो. शाळा-कॉलेज जवळ आलं, तशी "लांब पाठवणार नाही" ही सबब गेली. ज्या बायका आमच्याकडे मुलींचा दाखला घ्यायला येतात त्यांतल्या कित्येक सातवीपर्यंतच शिकलेल्या असतात, आणि त्यांच्या मुली बी.कॉम.ला, डी.फार्मला बसलेल्या असतात. शिवाय कोकणातले, मराठवाड्यातले, उत्तर प्रदेश-बिहारमधले असे सगळे एका बाकावर येतात. आमच्या लहानपणी लग्नासाठी आपल्या गावापलीकडे न पाहणारी घरं आज एकमेकांशी सोयरीक करतात.

आणि काय गेलं

पहिला गेला तो वेळ. इथून मुंबईचं टोक सुमारे 40 किलोमीटर. सकाळी डब्यात पाय ठेवायला जागा मिळाली तर नशीब. 9 जून 2025 रोजी सकाळी मुंब्रा स्टेशनजवळच्या वळणावर दोन गच्च भरलेल्या लोकल एकमेकींच्या बाजूने जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचे प्राण गेले. त्या दिवशी आमच्या शाळेत दुपारपर्यंत मुलं फोन मागत होती, "सर, अब्बू पोहोचले का विचारू?" मुलं झोपलेली असताना घर सोडणारा आणि झोपल्यावर परतणारा बाप हे या वस्तीत नेहमीचं आहे. पालक सभेला बाप का येत नाहीत, असं आता आम्ही विचारत नाही.

दुसरी गेली ती मोकळी जागा. एवढी माणसं आली, पण त्या मानाने मैदानं झाली नाहीत. मुलं गल्लीत खेळतात, नाहीतर मोबाइलवर. मुंब्रा बायपासवरून रात्रंदिवस कंटेनर धावतात. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला की जिन्यात हंड्यांची रांग लागते.

तिसरी गोष्ट हळू लक्षात आली. डोंगरीत आमच्या मजल्याखाली एक गुजराती दुकानदार होता, गावी तर वाडीच्या वेशीवर कुणबी आणि मराठ्यांची घरं. गणपतीत मोदक येत, ईदला शीरखुर्मा जाई. आमच्या वर्गातल्या मुलांना असा एकही शेजारी नाही. आपल्या माणसांत सुरक्षित वाटतं हे खरं, पण ज्याला दुसऱ्याच्या घरची चव माहीत नाही तो पुढे नोकरीच्या ठिकाणी बुजतो. आणि बाहेरच्यांनाही आपण माहीत नसतो. कर्जाच्या अर्जावर इथला पत्ता लिहिला की समोरचा थबकतो, हा अनुभव आमच्या ओळखीच्या कित्येकांनी घेतला आहे.

न विचारलेला प्रश्न

या सगळ्यांपेक्षा मोठी उणीव मात्र डोळ्यांना दिसत नाही, ती कपाटातल्या फाइलीत असते. 4 एप्रिल 2013 च्या संध्याकाळी शीळफाट्याजवळ एक बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसं गेली. त्यांत लहान मुलंही होती. वर काम चालू आणि खाली कुटुंबं राहायला आलेली, अशी ती इमारत होती. तेव्हा आम्ही सगळ्यांनी हळहळ केली, दुआ केली. आपलीही इमारत त्याच घाईच्या काळातली आहे, हे मनात आलं आणि आम्ही ते झटकून टाकलं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा तुकडा खाली पडला. अल्लाहची मेहेरबानी, खाली कुणी नव्हतं. काही दिवसांनी गेटवर महापालिकेची नोटीस लागली. ती मराठीत होती. जिन्यातली मोठी माणसं तिच्याभोवती उभी होती आणि तळमजल्यावरचा नववीतला मुलगा ती मोठ्याने वाचून दाखवत होता, "संरचनात्मक स्थैर्य तपासणी". त्या क्षणी आम्हाला वाटलं, वर्षभर व्याकरण शिकवलं त्यापेक्षा हे मोठं काम झालं. मराठी यायला हवी ती परीक्षेपुरती नाही. सातबारा, नोटीस, ठराव, आपल्या छपराची सगळी भाषा मराठी आहे.

पुढची सभा सोपी नव्हती. सोळा घरांपैकी पाच जण तपासणीला तयार नव्हते. वरच्या मजल्यावरच्या खाला म्हणाल्या, "इंजिनिअरने धोकादायक म्हटलं तर मी जाऊ कुठे? माझ्याकडे तर कागदही नाही." त्यांना आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण कागद आमच्याकडेही नव्हता. घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल म्हणजे मालकी, असं तीस वर्षं सगळे समजत होते. घरपट्टी भरली म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, हे त्या सभेत पहिल्यांदा सगळ्यांनी ऐकलं.

तीन बैठका झाल्या, वर्गणी निघाली, तपासणी झाली. इमारतींचे चार वर्ग असतात. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-2 ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-2 बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्त करता येईल अशी. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. आमची सी-2 बी निघाली. खालांनी तिथेच शुक्राना अदा केला. खांबांची दुरुस्ती झाली. जमिनीचा आणि परवानगीचा प्रश्न मात्र तसाच आहे. उद्या ही इमारत पाडायची वेळ आली तर आमच्या हातात काय राहील, हे आम्हाला माहीत नाही, आणि ते मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही.

विचार केला तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. या वस्तीत जे चांगलं आहे ते भरवशातून आलं, आणि जे वाईट आहे तेही त्याच भरवशातून आलं. शेजाऱ्यावर टाकलेल्या भरवशाने मय्यत उचलली, चुली पेटत्या ठेवल्या. तोच भरवसा पैशाच्या व्यवहारात कागदाच्या जागी बसवला, तिथे आपण फसलो.

दीन काय सांगतो

कुरआनातली सर्वांत मोठी आयत नमाजीविषयी नाही, रोज्याविषयीही नाही. सूरह बकराची ती 282 वी आयत लिखापढीविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लहान असो की मोठा, तो लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार ठेवा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. आणि हे सांगितलं आहे ते ईमानवाल्यांना. म्हणजे समोरचा नमाजी आहे, आपल्या गावचा आहे, ही न लिहिण्याची सबब होऊ शकत नाही. आज पैसे देऊन दोन वर्षांनी ताबा घ्यायचा, याहून मोठा मुदतीचा व्यवहार सामान्य माणूस आयुष्यात दुसरा कोणता करतो?

घर घेणाऱ्यांनी एवढं तरी करावं:

जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक स्वतः काढून पाहावं. विकणाऱ्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर थांबू नये.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पाहावा, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून नोंदणी मिळवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. तेव्हा परवानगीचा कागद महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळावा.

रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बांधणाऱ्याला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. करार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच नोंदवावा.

तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावं. बँक कर्ज का देत नाही, हे विचारावं. बऱ्याचदा त्या नकारातच उत्तर असतं.

जे आधीच राहत आहेत त्यांनी इमारत जुनी झाली असेल तर तपासणी टाळू नये, आणि सोसायटी नोंदवलेली असेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होण्याची वाट उघडते.

ईदनंतर भाऊ ही यादी घेऊन त्या कार्यालयात गेला. त्यांना तीन लाख रोख टोकन हवं होतं आणि करार "सध्या नोटरीवर" करायचा होता. भावाने परवानगीची प्रत मागितली. टेबलापलीकडचा माणूस हसला आणि म्हणाला, "भाईजान, आपल्या माणसावर भरवसा नाही का?"

भावाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा अम्मी काही वेळ गप्प होत्या. एकतीस वर्षांपूर्वी हेच वाक्य अब्बांना ऐकवलं होतं, हे आमच्यात फक्त त्यांनाच माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी ते आम्हाला पहिल्यांदा सांगितलं.

भाऊ अजून भाड्याच्या घरात राहतो आणि जागा शोधतो आहे. परवा त्याने आणखी एका इमारतीचं पत्रक आणलं. ते हातोहात फिरलं आणि अम्मींच्या हातात आलं. चष्मा लावून त्यांनी ते वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मशीद नंतर बघू. आधी सांग, कागद पाहिलेस का?"