वेरूळ न पाहिलेली कवयित्री

वेरूळच्या रामेश्वर लेण्यात सांगाड्यांचे एक शिल्प आहे. त्यावर १८३०च्या दशकात लंडनमध्ये बसून एका बाईने इंग्रजी कविता लिहिली. सासवडवरही लिहिली. हिंदुस्थानात ती कधीच आली नव्हती. प्रकाशकाने कोरीव चित्रे पुढे ठेवायची आणि तिने त्यांवर पद्य रचायचे, असा तो व्यवहार होता.

तिचे नाव लेटिशिया एलिझाबेथ लॅन्डन (१८०२–१८३८). वाचकांना मात्र ती ‘एल. ई. एल.’ या आद्याक्षरांनीच ठाऊक होती. आपल्याकडे ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली निघाला; इंग्लंडमध्ये नाताळच्या भेटीसाठी सचित्र वार्षिके काढण्याची चाल १८२२ पासूनची. ‘फिशर्स ड्रॉइंग रूम स्क्रॅप-बुक’ हे असेच एक वार्षिक. प्रकाशकाकडे आधीच्या पुस्तकांचे ठसे पडून असत, तेच पुन्हा छापायचे. चित्र आधी, कविता नंतर. त्यातले बहुतेक सारे पद्य ती एकटी पुरवी. १८२४ मध्ये वडील वारले होते. आई आणि ऑक्सफर्डला शिकणारा भाऊ यांचा भार तिच्या लेखणीवर होता.

अशी ‘मागणीनुसार रडणारी’ कविता म्हणून समीक्षकांनी तिला बाजूला सारले, आणि खरे सांगायचे तर मीही बरीच वर्षे तिला उघडून पाहिले नव्हते. उत्सुकता वाढली ती तिच्या आयुष्याविषयी वाचल्यावर. तिला प्रसिद्धी देणारा ‘लिटररी गॅझेट’चा संपादक विल्यम जर्डन तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, विवाहित आणि मुलाबाळांचा बाप. त्याच्यापासून तिला तीन मुले झाली. ती गुपचूप दुसरीकडे वाढवली गेली. कुजबुज १८२६ पासून वर्तमानपत्रांत होती. तिचे स्नेही ती खोटी म्हणत आणि चरित्रकारही तेच म्हणत राहिले. वंशजांकडून खरी हकीकत उघड झाली ती थेट २००० सालच्या सुमारास. या कुजबुजीचा परिणाम मात्र तिने हयातीतच भोगला. जॉन फॉर्स्टरने (पुढे डिकन्सचा चरित्रकार झालेला) तिला लग्नाचे वचन दिले होते, पण अफवांचा खुलासा मागितला. तिने चौकशी करू दिली, आणि मग स्वतःच लग्न मोडले.

आता तिच्या प्रत्येक ओळीत जर्डनला शोधणारे अभ्यासक भेटतात. मला ते पटत नाही. पोटासाठी लिहिणाऱ्या बाईने समोरच्या चित्रातून काय उचलले, हेही पाहायला हवे. सासवडच्या कवितेत देऊळ बाजूलाच राहते. परमुलखात नाताळ काढणारा इंग्रज घरच्या आठवणीने व्याकूळ होतो. दूर अडकलेले माणूस तिला त्या चित्रात दिसले, आणि माझ्या मते तिथे ती नुसती कारागीर राहत नाही.

जून १८३८ मध्ये तिने आफ्रिकेतल्या केप कोस्टचा गव्हर्नर जॉर्ज मॅक्लीन याच्याशी लग्न केले. ऑगस्टमध्ये ती तिथे पोचली. १५ ऑक्टोबरला सकाळी ती खोलीत मरून पडलेली आढळली, हातात प्रसिक ॲसिडची बाटली. चौकशी त्याच दिवशी उरकली, शवविच्छेदन झाले नाही आणि संध्याकाळी किल्ल्याच्या आवारातच तिला पुरले. चुकून जादा मात्रा घेतली, असा निष्कर्ष नोंदवला गेला. आत्महत्या की अपघात की आणखी काही, यावर आजही वाद आहे.

ही बातमी लंडनला पोचली १८३९च्या आरंभी. तोवर त्या वर्षाचे ‘स्क्रॅप-बुक’ नाताळच्या भेटींतून घरोघरी गेले होते. त्यातल्या कविता तिच्याच होत्या.