डिकॉक्शन उतरेपर्यंत

घाटकोपरात चांगली कॉफी कुठे मिळते असं विचारलं, की हल्ली बोट पश्चिमेच्या मॉलकडे जातं. काचेचं दार, गार हवा, कपातल्या फेसावर काढलेलं पान. तिथली कॉफी वाईट नसते. पण घाटकोपरला कॉफी मॉलमुळे कळली, हा समज चुकीचा आहे आणि तो पसरू देऊ नये असं मला मनापासून वाटतं. पूर्वेला स्टेशनबाहेर पडून पंतनगर किंवा गरोडिया नगरच्या दिशेने चालू लागलं, की उडुपी पद्धतीची साधी हॉटेलं लागतात. त्यांच्या भटारखान्यात सकाळी इडलीचं भांडं चढतं, तेव्हाच शेजारी कॉफीची पूड गरम पाण्याखाली भिजू लागलेली असते. पाटीवर ‘कॅफे’ लिहिलेलं असो वा नसो, या उपनगराचा जुना कॅफे तोच. सनमायकाचं टेबल, पुढ्यात येणारा स्टीलचा पेला, खाली खोलगट वाटी, आणि बिल देऊन उठायची घाई असूनही तेवढी पाच मिनिटं निवांत बसलेली माणसं.

या कॉफीचं मूळ एका भांड्यात आहे. हॉटेलात त्याचा मोठा अवतार असतो आणि आसपासच्या इमारतींतल्या तमिळ, कानडी, मल्याळी घरांत छोटा. फिल्टर. स्टीलचे दोन डबे, एकावर एक बसणारे. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. सोबत मधोमध दांडी असलेली भोकांची चकती, तिला बरेच जण छत्री म्हणतात, आणि वर झाकण. बस्स. वीज नाही, वायसर नाही, झडप नाही. बिघडण्यासारखं त्यात काही नाहीच, म्हणून आजीचा पितळी फिल्टर नातीच्या ओट्यावर अजून कामाला असतो.

वरच्या डब्यात पूड घालायची, डब्याला टिचकी मारून ती सपाट करायची आणि छत्री हलक्या हाताने टेकवायची. सगळं कसब इथे आहे. छत्री जोरात दाबली तर पाणी वरच अडून बसतं. अगदीच मोकळी सोडली तर ते पुडीतून वाट काढून धावत खाली जातं आणि हाती फिकट, लालसर पाणी येतं. दळण फार बारीक असलं तर भोकं बुजतात, फार जाड असलं तर पुडीत मुरण्याआधीच पाणी निसटतं. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा, खळखळ थांबू द्यायची आणि मग ते गोल फिरवत ओतायचं. छत्रीच्या कडेने बारीक बुडबुडे वर येतात. भाजलेल्या बियांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड सुटत असतो. पूड जितकी ताजी तितके बुडबुडे जास्त, त्यामुळे शिळी पूड चाखण्याआधीच ओळखता येते. त्यानंतर झाकण लावायचं आणि हात लावायचा नाही. पंधरा-वीस मिनिटांत खालच्या डब्यात पहिलं डिकॉक्शन जमतं, काळसर आणि दाट. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घातलं की दुसरं उतरतं. ते पातळ असतं आणि घरातल्या माणसांनी आपसात घ्यायचं असतं. पाहुण्याला पहिलंच द्यावं.

भोकं बुजू लागली की जाणत्या घरांत वरचा डबा चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर तापवतात. अडकलेली पूड जळून झडते आणि फिल्टर पुन्हा नव्यासारखा गळू लागतो.

इटालियन एस्प्रेसो यंत्राशी या भांड्याची तुलना करून पाहावी. आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ साली तुरिन शहरात वाफेवर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, १९०१ मध्ये लुईजी बेझेरा यांनी त्यात सुधारणा केली. आजचं यंत्र साधारण ९ बारच्या दाबाने गरम पाणी पुडीतून ढकलतं आणि पंचवीस-तीस सेकंदांत पेला भरतो. फिल्टरमध्ये ढकलणारं कुणी नाही. पाणी आपल्या वजनाने, पुडीच्या मर्जीने खाली येतं. कोवळ्या भाजणीच्या बियांतला आंबटसर, फळांचा स्वाद एस्प्रेसोत खुलतो, हे मान्य. पण आपल्याला दुधातली कॉफी हवी असते, आणि दुधात न हरवणारं डिकॉक्शन या संथ गळतीतच मिळतं.

मुंबईत ‘एक्स्प्रेसो’ म्हणून दुसरंच एक पेय लोकप्रिय झालं, त्याचाही इथे मान ठेवायला हवा. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेपलीकडे एक चकचकीत यंत्र, त्याच्या नळीतून येणारी वाफ, दुधाचा फुगलेला फेस आणि वर भुरभुरलेली चॉकलेटची पूड. इटलीच्या एस्प्रेसोशी या पेयाचं नातं नावापुरतं. पण घाटकोपरच्या कितीतरी मुलांना कॉफीची पहिली गोडी तिथेच लागली.

पूड कुठली, हा घाटकोपरकरांचा पुढचा प्रश्न. त्याचं जुनं उत्तर माटुंगा. धीमी लोकल पकडायची. विद्याविहार, कुर्ला, शीव आणि मग माटुंगा. किंग्ज सर्कलच्या परिसरात दाक्षिणात्य वस्ती वाढली तशी तिथली खानावळींची पेठ उभी राहिली. कॅफे मैसूर १९३६ चं, कॅफे मद्रास १९४० चं, ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. कॉफीची पूड विकणारं मैसूर कन्सर्न हे दुकानही त्याच काळातलं. या पेठेत खरेदी करायला जाणं हा एक आनंद आहे. बी निवडायचं, पीबेरी की प्लँटेशन ए. पीबेरी म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा धरतो तो. प्लँटेशन म्हणजे धुऊन साल काढलेली अरेबिका. मग चिकोरी किती ते सांगायचं. ‘ऐंशी-वीस’ एवढंच म्हटलं की पुरतं. चक्कीतून पडलेली पूड कागदी पिशवीत भरून हातात येते तेव्हा पिशवी कोमट असते, आणि परतीच्या लोकलमध्ये अख्ख्या डब्याला कळतं की कुणीतरी कॉफी घेऊन चाललंय.

चिकोरीबद्दल मराठी घरांत उगीच संशय आहे. भेसळ, असं तोंडावर म्हणतात. चिकोरी म्हणजे कासनीच्या जातीच्या झाडाचं मूळ, वाळवून भाजलेलं आणि दळलेलं. त्यात कॅफीन नसतं. नेपोलियनच्या काळात ब्रिटिश व्यापारावर बंदी आली, कॉफीची टंचाई झाली आणि फ्रान्समध्ये चिकोरीचा वापर फोफावला. तीच चव वसाहतींच्या वाटेने आपल्याकडे पोचली. पाण्यात चिकोरी कॉफीपेक्षा जास्त विरघळते, म्हणून तिच्यामुळे डिकॉक्शनला दाटपणा आणि गडद रंग येतो. आपल्या देशात तिचं पीक मुख्यतः गुजरातेत निघतं, खेडा-आणंद आणि जामनगर भागांत. शिवाय उत्तर प्रदेशात एटाकडे. घाटकोपर पूर्वेच्या गुजराती घरांतल्या अनेकांची गावं त्याच गुजरातेतली, आणि समोरच्या तमिळ घरातल्या फिल्टरमध्ये त्याच मातीतलं मूळ भिजत असतं. कायद्याने मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. सांगून घातलेली चिकोरी ही आवड. न सांगता वाढवलेली चिकोरी ही फसवणूक. पाकीट उलटून तो आकडा वाचायची सवय लावून घ्यावी.

मराठी माणसाच्या कॉफीलाही मोठा इतिहास आहे, आणि तो फिल्टरच्या वाटेने आलेला नाही. पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थांनी १८८८ साली मुंबईत कॉफीचा धंदा सुरू केला. त्यांचा पोल्सन हा छाप आणि त्याची चिकोरीमिश्रित ‘फ्रेंच कॉफी’ घरोघरी पोचली. पुढे पोल्सनने आणंदला लोण्याचा कारखाना काढला, त्याच्या मक्तेदारीविरुद्ध खेडा जिल्ह्यातले दूध उत्पादक १९४६ मध्ये एकत्र आले आणि त्यातून अमूल उभं राहिलं. लोण्याची ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते; तिच्या आधी कॉफी होती, हे विसरलं जातं.

ती पूड मराठी घरांत गाळली गेली नाही, उकळली गेली. दूध, साखर आणि पूड एकत्र, त्यावर सहाणेवर उगाळलेलं जायफळ, कधी वेलची. एकादशीला, महाशिवरात्रीला, आजाऱ्याच्या उशाशी, रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलासाठी. चहा रोजचा, कॉफी प्रसंगाची. जायफळही आपलंच आहे. कोकणात ते नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून घेतात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ नावाची जात दिली आहे. या कॉफीला कमी लेखणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे. तिच्यात बियांच्या स्वादाचे बारकावे उरत नाहीत हे खरं, पण जायफळ आणि आटतं दूध यांची जी जोडी जमते ती दुसऱ्या कुठल्याही पेयात जमलेली नाही. फक्त जायफळ फिल्टरच्या डिकॉक्शनमध्ये घालू नये. दोन्ही वाया जातात.

बाहेर बसून कॉफी पिण्याची रीत मुंबईला सरकारी प्रयत्नाने लागली. कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ साली चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. १९४२ च्या कायद्यानंतर मळेवाल्यांना आपलं पीक कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यावं लागे. पन्नासच्या दशकात बोर्डाने कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या. पहिली बंगळूरला, १९५७ मध्ये. नव्वदच्या दशकात साठ्याची सक्ती टप्प्याटप्प्याने उठली आणि मळेवाले आपली कॉफी स्वतः विकू लागले. १९९६ मध्ये बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे सुरू झालं ते याच वातावरणात. त्यामागे चिकमगळूरच्या मळ्यांचं घराणं होतं. म्हणजे सूफी संत बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणल्याची परंपरा सांगतात, त्याच डोंगरांतली कॉफी. २०१२ मध्ये स्टारबक्स हॉर्निमन सर्कलला आलं, आणि मग उपनगरांतही मोठ्या काचांची दुकानं दिसू लागली.

या सगळ्या उलथापालथीत उडुपी हॉटेल टिकलं. साठच्या दशकाच्या शेवटी दाक्षिणात्यांविरुद्धच्या आंदोलनात अशा हॉटेलांवर दगड पडले होते, हे विसरू नये. त्याच हॉटेलांनी मराठी, गुजराती, सगळ्यांना इडली-डोशाची आणि डिकॉक्शनच्या कॉफीची सवय लावली. वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीत आज चीज घातलेले, भाज्यांनी भरलेले डोसे मिळतात. घाटकोपरने दक्षिणेचा पदार्थ इतका आपला केला. कॉफीच्या बाबतीत मात्र इथल्या गुजराती तरुणांचा कल आइस्क्रीम घातलेल्या कोल्ड कॉफीकडे असतो. उन्हाळ्यात तीही बरी वाटते.

८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपर हे बदलीचं स्टेशन झालं. लोकलमधून मेट्रोत, मेट्रोतून लोकलमध्ये, सकाळ-संध्याकाळ नुसती रेटारेटी. एवढ्या गर्दीतून पाच मिनिटं बाजूला होण्याची जागा म्हणून ही हॉटेलं आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाची आहेत.

त्यांची कॉफी पारखायची कशी? हॉटेलात डिकॉक्शन मोठ्या भांड्यातून, बहुधा कापडातून गाळून काढतात आणि गरम ठेवतात. ताजं असताना ते घमघमतं; तासन्‌तास तापत राहिलं की कडवटतं, आणि मग ती चव झाकायला साखर वाढते. दूध पुन्हा पुन्हा उकळलेलं असलं तर त्याचाही वास कॉफीत उतरतो. म्हणून सकाळची पहिली पाळी उत्तम, आणि दुपारनंतर नवं डिकॉक्शन काढलं की दुसरी. कॉफी आली की ती वाटीत ओतावी, वाटीतून पेल्यात, एकदा-दोनदा. हात वर नेऊन ओतली की थोडी निवते, फेस धरते आणि तळाची साखर सगळीकडे सारखी होते. पेल्याला बाहेर वळलेला काठ असतो तो धरायला. बाकी अंग तापलेलं असतं.

माझी आवड सांगतो: ऐंशी-वीसची पूड, भाजणी मध्यम, साखर अर्धा चमचा, दूध एक उकळी आलेलं. तुमची वेगळी असेल, असावीच. पण घाटकोपरात उतरलात तर एक करा. मेन्यूकार्ड हातात घेण्याआधी वेटरला विचारा, “अण्णा, डिकॉक्शन ताजं आहे का?” आणि तो “दहा मिनिटं थांबा, उतरतंय” म्हणाला, तर थांबा. ते हॉटेल चांगलं आहे.