फळाच्या स्वादाचा ग्रीन टी, थंड पाण्यातला: चव घ्यायची कशी?

एपिसोड ऐकताना प्रमाणं लिहून घेणं जमत नाही, म्हणून आजचा भाग इथे लेखी देतोय. विषय आहे फळाच्या स्वादाचा जपानी ग्रीन टी, आणि तोही न उकळता, थंड पाण्यात भिजवलेला.

आता तुम्ही म्हणाल, पेण-रोह्याच्या माणसाला हे कशाला हवं? आपल्याकडे कोकम सरबत आहे, गवती चहा आहे. अगदी बरोबर. पण मे महिन्यातल्या घामट दुपारी गरम चहा नकोसा होतो, सरबतातली साखर घरातल्या एखाद्याला तरी चालत नाही आणि ग्रीन टी म्हटलं की काढा दिल्यासारखं तोंड होतं. या तिन्ही अडचणींवर हा चहा चालतो का, ते बघू.

कडूपणा कुठे जातो?

सेंचा हा जपानमधला रोजचा चहा. पानं खुडल्यावर लगेच वाफवतात, त्यामुळे ती काळी न पडता हिरवी राहतात. उजी भागातल्या नागातानी सोएन यांनी 1738 मध्ये वाफवून, मळून, वाळवण्याची पद्धत बसवली, असं मानतात. आजचा सेंचा त्याच वाटेवरचा.

या पानात तीन गोष्टी महत्त्वाच्या. कॅटेचिन, ज्याने जीभ आखडते आणि तुरट-कडू लागतं. कॅफिन, तेही कडूच. आणि थियानिन नावाचं अमिनो आम्ल, ज्याने चव गोडसर, भरीव लागते. उकळत्या पाण्यात तिन्ही भराभर उतरतात आणि कडूपणा बाकीच्यांना दाबून टाकतो. गार पाण्यात थियानिन बऱ्यापैकी उतरतं, कॅटेचिन आणि कॅफिन मात्र सावकाश आणि कमी. म्हणजे पान तेच, पण पाणी त्यातलं वेगळं काही निवडून घेतं. जपानीत या पद्धतीला 'मिझुदाशी' म्हणतात. मिझु म्हणजे पाणी.

एक लक्षात ठेवा, कॅफिन कमी उतरतं, पण उतरतंच. रात्रभर ठेवलं तर आणखी उतरतं. ज्यांची झोप चहाने उडते त्यांनी संध्याकाळनंतर हा घेऊ नये.

आधी पाण्याचं बघा

ही गोष्ट पाकिटावर ठळक लिहिलेली नसते आणि आपल्याकडे तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. रोजच्या चहात पाणी आपोआप उकळलं जातं, इथे ते होत नाही. पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आहेत. टँकरचं, विहिरीचं किंवा साठवलेलं पाणी असेल तर आधी खळखळून उकळा, झाकून गार करा आणि मगच पानं टाका. पाणी मचूळ असेल तर चहाही मचूळच लागणार, पाकीट कितीही महागाचं असो.

प्रमाण सोपं आहे: 1 लिटर पाण्याला 10 ग्रॅम पानं. झाकण लावून फ्रिजमध्ये 4 ते 5 तास, मग गाळून घ्यायचं. ओट्यावर ठेवायचं नाही. एका दिवसात संपवायचं. वीज जाऊन फ्रिज बरेच तास बंद राहिला असेल, तर सरळ ओतून द्यायचं.

आता चव

आम्ही घेतलं ते पीचचं मिश्रण. फ्रिजमधून काढल्या काढल्या पहिला घोट घेतला तर जवळजवळ काहीच कळत नाही, कारण फार गार पेयाचा वास कमी सुटतो आणि जिभेला गोडवाही कमी जाणवतो. दहा मिनिटं थांबा. मग आधी पीचचा वास येतो, पाठोपाठ ओल्या गवतासारखी हिरवी चव आणि शेवटी हलकासा तुरटपणा.

इथेच बऱ्याच जणांची निराशा होते. नाकाला पिकलेल्या फळाचा वास मिळतो, म्हणून जीभ साखरेची वाट बघत बसते आणि साखर येतच नाही. कोकम सरबतावर वाढलेली आपली जीभ आंबट, गोड, खारट आणि जिरं असं सगळं एकदम मागते. त्यामुळे याला सरबत समजून प्यायलात तर ते फिकं लागेल. वासाचं पाणी समजून, छोट्या घोटांनी प्यायलात तर आवडण्याची शक्यता जास्त.

आणि तो वास येतो कुठून? पाकिटातल्या वाळक्या तुकड्यांतून थोडासाच. चहाचं पान बाहेरचा वास पटकन ओढून घेतं, म्हणून बहुतेक मिश्रणांत पानांवर स्वादाचा अर्क चढवतात. यात वावगं काही नाही, पण घटकांची यादी वाचा. तुम्ही फळाचे पैसे देताय की अर्काचे, हे त्यातून कळतं. रंग लालभडक आणि चव आंबट असेल, तर बहुधा त्यात जास्वंदीच्या जातीच्या फुलांची बाह्यदलं आहेत.

घरचं मिश्रण

महागाचं पाकीट घ्यायलाच हवं असं नाही. साधी, बिनस्वादाची ग्रीन टीची पानं घ्या. 1 लिटरमध्ये त्यांच्याबरोबर दोन-तीन आमसुलं धुऊन टाका, कारण त्यांना मीठ लावलेलं असतं. रंग गुलाबीसर येतो आणि तुरटपणाला आंबटाची जोड मिळते. ताजा आंबा घालायचा असेल तर पिताना ग्लासात घाला, भिजत ठेवू नका.

शेवटचं एक. चहा जेवणाबरोबर घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, गार चहाही त्याला अपवाद नाही. रक्त कमी असणाऱ्यांनी जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचं अंतर ठेवावं. चार वाजताचा ग्लास त्यासाठी उत्तम. भेटू पुढच्या भागात.