सोपं ॲप म्हणजे काय? जिवतीच्या पहाडावरून पाहिलेले पाच गैरसमज

माणिकगड पहाडावरचा जिवती तालुका तेलंगणाच्या सीमेला टेकलेला. शेतं कपाशी, सोयाबीन, तुरीची. घरातली बोली कुठे गोंडी, कुठे कोलामी, कुठे बंजारा. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद पूर्वी तलाठी करत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ती ‘ई-पीक पाहणी’ ॲपवर शेतकऱ्याने करायची आहे. ॲप सोपं कशाने होतं, याबद्दलचे समज अशा ठिकाणी लवकर उघडे पडतात.

गैरसमज : ॲप जमत नाही, कारण शेतकरी कमी शिकलेला.
वस्तुस्थिती : अक्षरओळख बेताची असलेली माणसंही व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. माणूस अडतो तो दफ्तरी भाषेपाशी. कपाशीत तुरीची तासं घेणाऱ्याला ‘निर्भेळ की मिश्र’ विचारण्यापेक्षा ‘एक पीक की जास्त’ हे विचारणं बरं. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांच्या 1994 च्या दहा तत्त्वांतही ‘वापरणाऱ्याच्या भाषेत बोला’ हे एक आहे.

गैरसमज : जितकी बटणं कमी दाबावी लागतील, तितकं ॲप सोपं.
वस्तुस्थिती : ‘तीन क्लिकमध्ये काम व्हावं’ हा रचनाकारांमधला रूढ नियम वापरसुलभतेचे अभ्यासक जोशुआ पोर्टर यांनी 2003 मध्ये तपासला. तिसऱ्या क्लिकनंतर लोक काम सोडून देतात, असं दिसलं नाही. एका पडद्यावर दहा रकाने कोंबण्यापेक्षा एकेक प्रश्न विचारणारे पाच पडदे हलके जातात.

गैरसमज : नेटवर्क नाही, तिथे ॲपचा उपयोग नाही.
वस्तुस्थिती : पिकाची माहिती आणि फोटो शेतात घेऊन ठेवता येतात, रेंज मिळाली की पाठवता येतात. मात्र ‘फोनमध्ये जतन झालं, अजून पाठवलेलं नाही’ हे पडद्यावर ठळक दिसायला हवं. नाहीतर नोंद झाली असं समजून माणूस निर्धास्त राहतो आणि मुदत निघून जाते.

गैरसमज : चूक होऊ नये म्हणून एकदा भरलेलं बदलू देऊ नये.
वस्तुस्थिती : भर उन्हात, चमकणाऱ्या काचेवर, मातीच्या बोटाने चूक होणारच. ती निस्तरायची वाट हवी. ‘ई-पीक पाहणी’च्या 2022 च्या सुधारित आवृत्तीत नोंद 48 तासांच्या आत एकदा दुरुस्त करायची सोय आली. अशी सोय असली की माणूस बटण दाबायला बिचकत नाही.

गैरसमज : पडदा चांगला केला की सगळं सुटतं.
वस्तुस्थिती : नोंदीची सुरुवात गट किंवा खाते क्रमांकापासून होते. पहाडावर वनजमिनीचा आणि पट्ट्यांचा, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या कागदांचा, प्रश्न जुना आहे. वर्षानुवर्षं कसलेल्या जमिनीचा सातबारा ज्याच्या नावावर नाही, तो पहिल्याच पायरीवर थांबतो. तिथे ॲपच्या रचनाकाराला इतकंच करता येतं : ‘माहिती आढळली नाही’ एवढ्यावर न थांबता कारण काय आणि पुढे कुठल्या कार्यालयात जायचं, हे साध्या शब्दांत सांगणं. पट्टा देणं हे शासनाचं काम. ते ॲपच्या माथी मारता येणार नाही.